अंधाराचा पिरॅमिड

अंधाराचा पिरॅमिड : ‘जी. आय. जो’ या अमेरिकी लष्करी कार्टून मालिकेतील पाच भागांची कथा. मूळ नाव ‘पिरॅमिड ऑफ डार्कनेस’. लेखक रॉन फ्रीडमन. पहिले प्रक्षेपण १६ ते २० सप्टेंबर १९८५, सोमवार ते शुक्रवार, रोज एक भाग. ‘कोब्रा’ नावाची संघटना उत्तर गोलार्धातील वीज बंद पाडू पाहते आणि ‘जो’ मंडळी, म्हणजे नायकांचे लष्करी पथक, तिला तसे करू देत नाहीत, एवढेच कथासूत्र. वर्धा जिल्हा उत्तर गोलार्धात येत असल्याने या जिल्हाकोशात समावेश.

‘कोब्रा’ या शब्दाला मराठीत, विशेषतः पुण्याकडे, आणखी एक अर्थ आहे. त्या अर्थाचा येथे संबंध नाही. नावांच्या घोळाबाबत वर्धेकरांनी सावध असलेले बरे. सेगावचे टपाल बुलढाण्याच्या शेगावला जाऊ लागले, म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव बदलून सेवाग्राम करावे लागले होते.

पार्श्वभूमी : हॅस्ब्रो या अमेरिकी कंपनीने १९६४ मध्ये बारा इंची सैनिक बाजारात आणला. त्याचे कपडे बदलता येत. कपडे बदलता येणाऱ्या खेळण्याला जगभर बाहुली म्हणतात. पण मुलगे बाहुलीशी खेळत नाहीत, निदान त्यांचे बाप ती विकत घेत नाहीत, म्हणून ‘ॲक्शन फिगर’ हा नवा शब्द काढण्यात आला. १९८२ मध्ये सैनिकाची उंची पावणेचार इंचांवर आली आणि एकाचे अनेक झाले. त्याच वर्षी लॅरी हामा यांच्या लेखणीतून मार्व्हलचे कॉमिक सुरू झाले. खेळण्यांच्या जाहिरातीत कार्टून किती दाखवावे यावर तेव्हा अमेरिकेत बंधने होती. कॉमिकच्या जाहिरातीवर तशी नव्हती. कंपनीने मग खेळण्यांऐवजी कॉमिकची जाहिरात केली. आपल्याकडे बंदीतल्या पेयाच्या नावाने सोडा विकतात, त्यातलाच हा प्रकार. पुढे १९८४ मध्ये तिथल्या सरकारने मुलांच्या कार्यक्रमांवरील निर्बंध सैल केले आणि हा द्राविडी प्राणायामही उरला नाही.

१९८३ व १९८४ मध्ये पाच-पाच भागांच्या दोन कथा आल्या. एकीत शत्रूने वस्तू एका जागेवरून दुसरीकडे पाठवणारे यंत्र मिळवले, दुसरीत हवामान ताब्यात घेतले. १९८५ मध्ये वीज उरली होती. या मोसमात ५५ भाग झाले, पुढच्यात ३०, एकूण ९५. निर्मिती सनबो व मार्व्हल यांची, प्रत्यक्ष चित्रांचे बरेचसे काम जपानच्या तोएई स्टुडिओचे. अमेरिकी शौर्य जपानमध्ये रंगवून घेतले जात होते.

कथानक : अवकाशात ‘जो’ मंडळींचे डेल्टा नावाचे स्थानक आहे. कोब्राचा वेषांतरपटू झार्टान व त्याचे ड्रेडनॉक हे गुंड लोकरीच्या गुंड्यांसारखे गोजिरवाणे प्राणी तेथे पोचवतात. इशारा मिळताच हे गुंडे राक्षसी रूप घेतात आणि स्थानक शत्रूच्या हाती जाते. दरम्यान पृथ्वीवर चार ‘नियंत्रक घन’ चार ठिकाणी बसवायचे आहेत. चारही बसले की वरून सोडलेल्या किरणांचा पिरॅमिड तयार होतो आणि त्याच्या पोटात वीज चालत नाही. घनांच्या शोधात ‘जो’ मंडळी मृतांचे शहर, हरवलेल्या आत्म्यांचा समुद्र अशा ठिकाणी जातात. ही नावे नकाशावर शोधू नयेत.

याच कथेत टोमॅक्स आणि झेमॉट हे जुळे भाऊ प्रथम दिसतात. ते कोब्राचे उद्योगविभाग प्रमुख आहेत, सूट घालतात, वाक्य अर्धे-अर्धे बोलतात, एकाला मारले की दुसऱ्याला लागते. रोमन लिपीत एकाचे नाव उलटे वाचले की दुसऱ्याचे होते; देवनागरीत ही गंमत हरवते. त्यांच्या मालकीच्या शहरात ‘जो’ पक्षाचे दोन वीर अडकतात : शिपरेक हा खलाशी आणि स्नेक आईज हा मुका, काळा मुखवटा घातलेला कमांडो. पहिल्याच्या खांद्यावर पोपट, दुसऱ्याबरोबर लांडगा. लपण्यासाठी ते सॅटिन नावाच्या गायिकेच्या जलशात शिरतात आणि जगातला सर्वांत गुप्त सैनिक भर रंगमंचावर ब्रेकडान्स करतो. समीक्षक या प्रसंगाकडे सहसा दुर्लक्ष करतात. प्रस्तुत नोंदलेखकाला तो मालिकेचा उत्कर्षबिंदू वाटतो.

पाचव्या भागात पिरॅमिड कोसळतो.

स्त्री-पात्रे : स्कार्लेट, बॅरोनेस, सॅटिन.

संगीत : आहे.

विद्युतशास्त्रीय चिकित्सा : कथेचा हा भाग आजवर उपेक्षित राहिला असल्याने येथे जरा विस्ताराने घेतला आहे.

वीज बंद पाडण्यासाठी कोब्राला अवकाशस्थानक, चार घन, समुद्राखालचा कारखाना, रासवट प्राणी आणि पाच दिवस लागतात. वितरणाच्या कामात आयुष्य गेलेल्या माणसाला हा खर्च अवास्तव वाटतो. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात व कॅनडात मिळून सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. त्याची सुरुवात ओहायो राज्यात वाढलेल्या झाडांना वाहिन्या टेकण्यातून झाली होती. फांद्या वेळेवर छाटल्या नाहीत की जे होते ते झाले. पावसाळ्याआधी फांद्या छाटणारा वायरमन हा या दृष्टीने ‘जो’ पथकाच्या तोडीचा मानावा लागेल. त्याची ॲक्शन फिगर मात्र कोणी काढलेली नाही.

भारतातले उदाहरण अधिक बोलके आहे. ३० जुलै २०१२ च्या पहाटे बिना-ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी बंद पडून उत्तर भारताचे वीजजाळे बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही जाळी एकदम गेली. साठ कोटींहून अधिक लोकांना झळ पोचली. एकही घन वापरलेला नव्हता. पश्चिमेचे जाळे तगले, त्यामुळे महाराष्ट्रात दिवे चालू राहिले. विदर्भातल्या कित्येकांनी देशात वीज गेल्याची बातमी वीज असलेल्या घरात बसून टीव्हीवर पाहिली. हा अनुभव त्यांना नवीन होता.

नवीन अशासाठी, की २००५ नंतरची काही वर्षे राज्याच्या ग्रामीण भागात भारनियमन दहा-बारा तासांवर गेले होते. ६ जून २००५ रोजी वीज मंडळाची विभागणी होऊन निर्मिती, पारेषण व वितरण अशा वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. लोक मात्र बरीच वर्षे ‘मंडळ’च म्हणत राहिले आणि वीज गेली की ‘लाइन गेली’ एवढेच म्हणत. कोब्रा आणि भारनियमन यांत एक मूलभूत फरक आहे : कोब्रा वेळापत्रक देत नाही. आपल्याकडे ते वर्तमानपत्रात छापून येई. पाळले जाई की नाही, हा वादाचा मुद्दा असल्याने येथे वगळला आहे. या काळात वाढलेल्या मुलाला कोब्राच्या सेनापतीची, म्हणजे कोब्रा कमांडरची, धमकी कळायला जड गेली असती. जगाला भीती घालायची, तर रोजचीच गोष्ट का घालावी, असे त्याने विचारले असते. आणि उत्तर मिळण्याआधी टीव्ही बंद पडला असता.

घनांची स्थाननिवडही सदोष आहे. वर्ध्याजवळ पॉवरग्रिडचे ७६५ किलोव्होल्टचे उपकेंद्र असून तेथून रायपूर, छत्रपती संभाजीनगर आणि निझामाबादच्या दिशेने अतिउच्चदाब वाहिन्या जातात. पूर्वेच्या कोळशाची वीज पश्चिमेला आणि दक्षिणेला नेणारा हा नाका आहे. बर्फाच्या गुहा आणि ज्वालामुखी पालथे घालण्याऐवजी एक माणूस देवळीच्या बसमध्ये बसवला असता तरी कोब्राचे निम्मे काम झाले असते. ड्रेडनॉक आकडा टाकण्यात पटाईत दिसतात, त्यांना ही कामगिरी झेपली असती. (ही सूचना केवळ ऐतिहासिक स्वरूपाची आहे.)

मनुष्यहानी : नाही. हा मालिकेचा सर्वज्ञात विशेष आहे. दोन्ही बाजू रायफलीतून प्रकाशकिरण सोडतात. ‘जो’ पक्षाचे सहसा तांबडे, कोब्राचे निळे. कोणाचेही कोणाला लागत नाहीत. विमान फुटले की प्रत्येक वैमानिक न चुकता हवाई छत्रीने खाली येतो. अपवाद आहेत की नाहीत, याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. ढोबळमानाने ९५ भागांचे हे युद्ध रक्ताविना पार पडते. यामागे गांधीविचार नसून मुलांच्या कार्यक्रमांसाठीचे नियम होते, ही गोष्ट वर्ध्यात सांगताना वाईट वाटते.

या धोरणाची खरी कसोटी १९८७ च्या चित्रपटात लागली. सर्पेंटॉर हा कोब्राचा सम्राट जिवंत साप भाल्यासारखा फेकतो आणि तो ‘जो’ पथकाच्या ड्यूकच्या छातीत घुसतो. मूळ योजना ड्यूकने मरायची होती. पण १९८६ च्या ‘ट्रान्सफॉर्मर्स’ चित्रपटात ऑप्टिमस प्राइम मेल्यावर मुलांनी असा आकांत मांडला होता, की निर्मात्यांनी धसका घेतला. चित्र तसेच ठेवून एक वाक्य घातले गेले : ड्यूक बेशुद्धावस्थेत गेला आहे. शेवटी तो बरा झाल्याचेही कळते. संपूर्ण वैद्यकशास्त्रात असा दुसरा उतारा नाही.

कार्टूनबाहेर मात्र मनुष्यहानी होते. वर्धा हा दारूबंदीचा जिल्हा आहे. बंदी १९७४ पासून. याच जिल्ह्यात पुलगावला देशातील सर्वांत मोठे मानले जाणारे दारूगोळ्याचे भांडार आहे, आणि हा विनोद जिल्ह्यात इतका जुना आहे की आता कोणी हसत नाही. ३१ मे २०१६ च्या पहाटे त्या भांडारात आग लागून स्फोट झाले. त्यात लष्करी अधिकारी, जवान आणि अग्निशमन दलाचे कर्मचारी मृत्युमुखी पडले.

भारतीय खेळणी : एमआरएफ व हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून १९८७ मध्ये फनस्कूल ही कंपनी निघाली. तिचा एक कारखाना गोव्यात. अमेरिकेत ‘जी. आय. जो’चे सैनिक बंद झाल्यावरही इकडे ते बनत राहिले. साच्यांची व रंगांची सरमिसळ झाल्याने मूळ सैनिकांशी त्यांचे साम्य नेहमीच राहिले नाही. परदेशी संग्राहक आज तेच अधिक हौसेने जमवतात.

सापाचा प्रश्न : शत्रूचे नाव सापावरून, चिन्ह सापाचे, सेनापती बोलतो तेही फुत्कारत. आवाज ख्रिस लॅटा यांचा. ‘ट्रान्सफॉर्मर्स’मधील स्टारस्क्रीमही त्यांचाच. ‘जो’ मंडळी या सापाला प्रत्येक कथेत कोंडीत पकडतात आणि तो प्रत्येक कथेत निसटतो. समीक्षकांना हे कथारचनेतील वैगुण्य वाटते. सेवाग्राम आश्रम पाहिलेल्याला वाटणार नाही. गांधीजी १९३६ मध्ये तेथे राहायला आले तेव्हा परिसरात साप पुष्कळ होते. ते मारायचे नाहीत असे ठरलेले असल्याने साप धरण्याचा लाकडी चिमटा आणि दूर नेऊन सोडेपर्यंत ठेवण्याचा पिंजरा तयार झाला. दोन्ही आश्रमात पाहायला मिळतात. सापाला धरायचे, अंतरावर सोडायचे, तो पुन्हा आला की पुन्हा धरायचे, ही पद्धत अमेरिकी लेखकांनी कुठून उचलली, याचा पुरावा नाही.

अंधार आणि साप यांची खरी गाठ मात्र शिवारात पडते. शेतीपंपाची थ्री फेज वीज पाळीपाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की हरभऱ्याला किंवा गव्हाला पाणी द्यायला शेतकरी मध्यरात्री बांधावर जातो. म्हणजे वीज आली की माणूस अंधारात, असा उलटा पिरॅमिड. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांची वेळही तीच असते किंवा पाय पडला की तीच होते. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य खेड्यांतली. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्याने २०१७ मध्ये सौर कृषी वाहिनी योजना आणली. सर्व फीडरांवर दिवसाची पाळी कधी येईल, हा प्रश्न कार्टूनच्या कक्षेबाहेरचा आहे.

‘जी. आय. जो’च्या भागाअखेर एखादा सैनिक मुलांना उपयोगी सूचना देई : आग लागली तर काय करावे, अनोळखी माणसाबरोबर का जाऊ नये, वगैरे. त्या प्रथेला अनुसरून : रात्रीच्या ओलिताला जाताना पायात गमबूट आणि हातात बॅटरी असू द्यावी. साप चावलाच तर जखम कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. मांत्रिकाकडे वेळ न घालवता प्रतिविष मिळेल असा जवळचा सरकारी दवाखाना गाठावा.