बेडसे लेणी : पवन मावळातील दाते आणि भिक्षू

कार्ले आणि भाजे येथे पर्यटकांची रीघ लागत असली, तरी त्याच परिसरातील बेडसे येथील लेण्यांकडे, म्हणजे डोंगर कोरून घडविलेल्या बौद्ध वास्तूंकडे, फारच थोड्यांची पावले वळतात. इ.स.पू. पहिल्या शतकाच्या सुमाराच्या या लेण्यांतील चैत्यगृह, म्हणजे स्तूपाचे पूजास्थान, दर्शनी बाजूस राखलेल्या अखंड खडकामुळे झाकले गेले आहे. त्यातील अरुंद बोळातून आत शिरताच ओसरीतील उंच अष्टकोनी स्तंभ दिसतात, आणि त्यांच्या शिरोभागी घोडे, हत्ती व बैल यांवर आरूढ झालेली युगुले इतकी ऐटदार आहेत की कार्ल्याच्या कीर्तीने त्यांच्यावर अन्यायच केला, असे म्हणावेसे वाटते. येथील विहार, म्हणजे भिक्षूंचे निवासस्थान, नेहमीप्रमाणे चौकोनी नसून मागील बाजूस अर्धवर्तुळाकार आहे. ओसरीतील ब्राह्मी लेख नाशिकच्या आनंद श्रेष्ठींचा, म्हणजे धनिक व्यापाऱ्याचा, पुत्र पुष्यणक याच्या दानाची नोंद करतो. बाहेरील एक लहान स्तूप मात्र गोभूती या अरण्यवासी, भिक्षेवर जगणाऱ्या भिक्षूचे स्मारक असून तो त्याच्या शिष्याने करविला आहे.