हरिकेनच्या वाऱ्याचा वेग खरंच फुगवून सांगतात का?

अमेरिकेच्या किनाऱ्यावर मोठं हरिकेन धडकलं की एक पोस्ट हमखास फिरते: बातम्यांमध्ये वाऱ्याचा वेग ताशी २३० किमी, गावाजवळच्या विमानतळावर नोंद मात्र १३० ची, म्हणजे आकडे फुगवलेले. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोन्ही आकडे बरोबर असतात, फक्त ते एकाच गोष्टीचे नसतात.

मायामीचं राष्ट्रीय हरिकेन केंद्र जाहीर करतं तो अख्ख्या वादळातला सर्वाधिक वेग असतो. दहा मीटर उंचीवर, मोकळ्या जागेत, एका मिनिटाची सरासरी. क्षणभराचा झोत त्याहून जास्त असतो. एवढा वारा वादळाच्या डोळ्याभोवती, तोही बहुधा एका बाजूच्या छोट्याशा पट्ट्यात वाहतो. शंभर किमी दूरच्या गावाला तो लागतच नाही. धोका इथेच आहे. ‘२३० चं वादळ घरात बसून काढलं, काही झालं नाही’ असं म्हणणाऱ्याने खरं तर १३० चा वारा सोसलेला असतो, आणि पुढच्या वेळी घर सोडायचा आदेश आला की तो त्याच भरवशावर घरातच थांबतो.

मग त्या पट्ट्यातच वेग का मोजत नाहीत? कारण तिथे यंत्र क्वचितच असतं, आणि असलं तर टिकत नाही. २४ ऑगस्ट १९९२ ला ‘अँड्र्यू’ दक्षिण फ्लोरिडात धडकलं, तेव्हा फाउई रॉक्स या समुद्रातल्या दीपस्तंभावरच्या केंद्राने ताशी सुमारे २७० किमीचा झोत नोंदवला आणि ते बंद पडलं. खुद्द हरिकेन केंद्राच्या छपरावरचं रडार उडालं. एका घरावरच्या खासगी यंत्राने तर ताशी ३४० किमीचा झोत दाखवला. नंतर तशीच यंत्रं प्रयोगशाळेतल्या वाऱ्याच्या बोगद्यात तपासली, तेव्हा ती वेग जास्त दाखवतात असं दिसलं. तो आकडा मग सुमारे २८५ वर आणला गेला.

त्यामुळे अधिकृत आकडा मुख्यतः विमानाच्या मोजणीवरून काढला गेला. तीन किमी उंचीवर विमानाला ताशी सुमारे ३०० किमी वारा मिळाला होता. जमिनीलगत त्याच्या तीन-चतुर्थांशाहून थोडा जास्त असेल, असा त्या वेळचा ठोकताळा. त्यातून आले २३०, म्हणजे चौथी श्रेणी.

१९९७ पासून विमानातून जीपीएस असलेल्या छोट्या नळ्या वादळात सोडल्या जाऊ लागल्या. ड्रॉपसोंड म्हणतात त्यांना. पॅराशूटला लटकून पाण्यावर पडेपर्यंत त्या वाऱ्याचा वेग कळवत राहतात. डोळ्याभोवतीच्या भिंतीत वरच्या वाऱ्याचा सुमारे ९० टक्के वेग खालीही असतो, हे त्यांच्यामुळे कळलं. २००२ मध्ये अँड्र्यूचा आकडा सुमारे २७० झाला आणि ते पाचव्या श्रेणीत गेलं. फुगवणं दूरच, दहा वर्षं हा आकडा कमीच सांगितला जात होता.

अर्थात, आकडा अंदाजच असतो. हरिकेन केंद्र तो पाच-पाच नॉटच्या, म्हणजे साधारण ९ किमीच्या टप्प्यांत देतं. पाचवी श्रेणी सुरू होते २५२ किमीला, त्यामुळे सीमेवरचं वादळ एका टप्प्याने इकडचं तिकडे होतं.

देशादेशांतली तुलना तर आणखी फसवी. अमेरिका एका मिनिटाची सरासरी धरते, आपलं हवामान खातं तीन मिनिटांची, जपान दहा मिनिटांची. मुदत वाढली की सरासरी उतरते. समुद्रावर एक आणि दहा मिनिटांच्या आकड्यांत साधारण सात टक्क्यांचा फरक पडतो. २०२० च्या ‘निसर्ग’साठी हवामान खात्याने सांगितलेले ताशी १०० ते ११० किमी हे तीन मिनिटांचे होते, म्हणून ते अमेरिकी श्रेणींच्या तक्त्याला थेट लावता येत नाहीत.

वादळ गेल्यावर केंद्र सगळ्या नोंदी पुन्हा तपासतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये फ्लोरिडात आलेलं ‘मायकल’ सुमारे २५० किमीचं, चौथ्या श्रेणीचं म्हणून जाहीर झालं होतं. एप्रिल २०१९ मध्ये ते सुमारे २६० किमीचं ठरलं आणि पाचव्या श्रेणीत गेलं.