पाइपमधून आलेली जमीन

दक्षिण मुंबईतली काही जमीन चक्क पाइपमधून वाहत आलेली आहे.

1920च्या दशकात गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या सरकारने बॅकबेचा समुद्र बुजवून 1145 एकर जमीन करायला घेतली. भराव आणायचा होता कुलाब्याच्या पलीकडून, बंदराच्या तळातून. त्यासाठी खास ड्रेजर आणला. त्याचं नाव? ‘सर जॉर्ज लॉइड’! (बारसं करायची घाई बघा.)

या ड्रेजरचं काम असं: फिरतं कटर तळाची माती फोडतं, पंप ती पाण्यासकट वर खेचतो आणि तेच गढूळ पाणी लांबलचक पाइपलाइनमधून भिंतीआडच्या जागेत ढकलतो. माती खाली बसते, पाणी निघून जातं. गोम इथेच आहे. पंप पाणी भरपूर खेचेल, पण त्यात माती किती, हे कटरला तळाशी काय लागतंय त्यावर ठरतं. डेमोत पळणारं सॉफ्टवेअर प्रोडक्शनमध्ये का रांगतं, हे आम्हाला विचारा.

इथेही कागदावरचा आकडा आणि प्रत्यक्ष निघणारी माती यांचा मेळ बसेना. खर्च मात्र फुगत गेला. वकील खुर्शेद नरिमन यांनी नेमकं यावर बोट ठेवलं, अधिकाऱ्यांवर थेट आरोप केले. हार्वे नावाच्या इंजिनिअरने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. नरिमन निर्दोष सुटले. योजना निम्म्याहून खाली आली.

पुढे काही दशकांनी तिथेच शेजारी आणखी समुद्र बुजवला गेला. त्या जमिनीला नाव दिलं नरिमन पॉइंट.