साठ पोथ्या, एक कागद आणि शेऱ्याचा रकाना



आजचा विषय संयोजकांनी दिला आहे, आणि तो देताना त्यांच्या मनात काय असावं याचा मला अंदाज आहे. कुरुळी, निघोजे, म्हाळुंगे, चाकण या पट्ट्यात पाळीचं काम करून एम. ए., एम. कॉम. करणारी मुलं-मुली कमी नाहीत. त्यांतल्या एखादीला खरोखरच काही शोधून काढावंसं वाटलं, तर तिने जायचं कुठे? नकाशावर पुणं जवळ आहे. पण मोशी-भोसरीचा रस्ता रोज तुडवणाऱ्याला विचारा, ते किती लांब आहे. म्हणून प्रश्न असा की, विद्यापीठात संशोधनाचं जे कसब शिकवतात, ते पडद्यावरून, आभासी वर्गात शिकवता येतं का? की ते दुय्यमच राहणार?

मी तत्त्वज्ञानाचा माणूस. उत्तर देण्याआधी प्रश्नच तपासायची आमची खोड. 'आभासी' म्हणजे काय? जिथे वस्तू समोर नाही, पण तिच्याशी व्यवहार मात्र चालू आहे, अशी जागा. हा अर्थ मान्य केलात, तर पुण्यात संशोधनाचं एक फार मोठं शिक्षण अशाच जागेत झालं, असं मी म्हणणार आहे. तेही पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन होण्याच्या कितीतरी आधी.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ साली निघालं. १९१९ च्या १ एप्रिलला खुद्द रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हस्ते महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या कामाचा आरंभ झाला. १९६६ साली राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत समाप्तीचा समारंभ झाला. मध्ये सत्तेचाळीस वर्षं. एकूण १२५९ हस्तलिखितं पाहिली गेली, हा आकडा तुम्ही ऐकला असेल. पण आकड्यापेक्षा मला त्या कामातला एक कागद महत्त्वाचा वाटतो.

अडचण अशी होती. महाभारताच्या पोथ्या काश्मीरपासून केरळपर्यंत विखुरलेल्या. कुठे शारदा लिपी, कुठे बंगाली, कुठे ग्रंथ, कुठे मल्याळम. या सगळ्या वाचणारा एक माणूस मिळणं कठीण, आणि सगळ्या पोथ्या पुण्यात येणं तर अशक्यच. काही काम तंजावरला सरस्वती महाल ग्रंथालयात आणि काही शांतिनिकेतनात विश्वभारतीत करून घेतलं. म्हणजे संपादक पुण्यात, पोथी तंजावरात, वाचणारा शास्त्री तिसराच. आजच्या भाषेत, सगळी टीम 'रिमोट'!

हे जमवलं कसं? विष्णु सीताराम सुखटणकर १९२५ साली प्रमुख संपादक झाले. केंब्रिजला गणित शिकलेला आणि पुढे बर्लिनला डॉक्टरेट मिळवलेला माणूस. पाठ जुळवण्याची पद्धत त्यांनी १९३३ च्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत सांगितली आहे. फुलस्केप कागद, त्यावर उभ्या-आडव्या रेघा. सगळ्यांत वर प्रचलित पाठातला श्लोक ठळक अक्षरांत. हा प्रचलित पाठ म्हणजे नीलकंठ चतुर्धरांचा. (नीलकंठ आपल्याच कोपरगावचे, सतराव्या शतकात काशीत राहिलेले. काशीतल्या मोठ्या पंडितांत आमचे लोक किती, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय.) खाली प्रत्येक पोथीला एक ओळ. त्या पोथीत जिथे पाठ वेगळा असेल, तिथे तो बरोबर त्या अक्षराखाली लिहायचा. उजवीकडे चार इंच रुंदीचा रकाना शेऱ्यासाठी राखलेला: पोथीत खाडाखोड आहे, समासात नंतर कुणी काही लिहिलंय, जास्तीचा श्लोक सापडलाय, वगैरे. फारच मोठी भर असेल तर ती वेगळ्या कागदावर लिहून मूळ कागदाला जोडायची. त्या जोडकागदाला नाव होतं 'शोधपत्र'. आज आपण छापील निबंधाला हा शब्द वापरतो. तिथे तो पुरवणीचा कागद होता.

आता बघा, आदिपर्वासाठी साठ पोथ्या वापरल्या. साठ पोथ्या कधीच एका टेबलावर आल्या नाहीत. पण त्या एका कागदावर मात्र एकाखाली एक येऊन बसल्या. हीच मी म्हणतो ती आभासी जागा.

आणि या कागदाने माणसं घडवली, हा माझा मुख्य मुद्दा आहे. पाठ जुळवायला उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे शास्त्री होते, विद्यापीठाचे पदवीधर होते. शास्त्रीबुवांना अर्धं महाभारत मुखोद्गत असणार. पोथीत चुकीचा शब्द दिसला की हात तो दुरुस्त करायला शिवशिवणारच. पण तिथे शिस्त अशी की तुझ्या ओळीत पोथी काय म्हणते तेच लिही. तुला काय वाटतं ते शेऱ्याच्या रकान्यात. पाहिलेलं आणि वाटलेलं यांच्यामध्ये एक उभी रेघ. संशोधनाचं पहिलं कौशल्य कुठलं, असं मला विचाराल तर मी ही रेघ दाखवीन. ती मारायला संगणक लागत नाही, आणि संगणक असला म्हणून ती आपोआप मारली जात नाही.

कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करणारे इथे बरेच असतील. त्यांना हे नव्याने सांगायला नको. गेजवर जे रीडिंग आलं ते तक्त्यात लिहायचं. जॉब पास करावासा वाटतो म्हणून रीडिंग बदलायचं नाही. बॅच नंबर का लिहितात? उद्या माल परत आला तर तो कुठल्या मशीनवर, कुठल्या पाळीत झाला हे मागे जाऊन सापडावं म्हणून. तळटीप म्हणजे दुसरं काही नाही. पदव्युत्तर वर्गात तळटीपेचं महत्त्व पटवायला मला तासन्तास लागायचे. तुमच्या शॉप फ्लोअरवरच्या माणसाला ते आधीच पटलेलं असतं, त्याला फक्त कुणी सांगितलेलं नसतं.

दुसरं कौशल्य साक्षीदार मोजण्याचं. दहा पोथ्यांत एकच पाठ आहे, म्हणून तो खरा का? त्या दहाही एकाच पोथीवरून उतरवलेल्या असतील, तर साक्षीदार दहा नाहीत, एक आहे. म्हणून पोथ्यांच्या वंशावळी लावाव्या लागतात. व्हॉट्सॲपवर एकच मजकूर चाळीस जणांकडून येतो तेव्हा आपल्याला चाळीस पुरावे मिळाल्यासारखे वाटतात. तिथेही वंशावळ लावायची.

तिसरं मला सगळ्यांत प्रिय. सिद्ध झालेला पाठ छापताना जिथे खात्री नव्हती, तिथे शब्दाखाली नागमोडी रेघ छापली आहे. एवढ्या प्रतिष्ठेचं काम, देशभरातून देणग्या आलेल्या, जगभरच्या विद्वानांचं लक्ष. आणि तरी पानापानावर सांगितलंय, इथे आमची खात्री नाही. शेऱ्याच्या रकान्यातली शंका अशी छापखान्यापर्यंत पोचली. त्याआधी १९२३ साली उत्गीकरांनी विराटपर्वाची तात्पुरती आवृत्ती काढून विद्वानांची मतं मागवली होती. कच्चं काम लोकांपुढे ठेवायची ही हिंमत आज कुठे दिसते ते मला दाखवा.

आता अलीकडे येऊ. २००३ साली 'सेकंड लाइफ' नावाचं एक संगणकीय जग निघालं. तिथे माणूस स्वतःची बाहुली घेऊन हिंडतो, घर बांधतो, गप्पा मारतो. परदेशी विद्यापीठांनी तिथे वर्ग उघडले. हार्वर्डच्या विधी महाविद्यालयाने २००६ साली एका अभ्यासक्रमाचा काही भाग तिथे चालवला. आपल्याकडे ते लोण फारसं आलं नाही, आणि माझ्या मते फार काही बिघडलं नाही. इमारत हुबेहूब उभी करणं म्हणजे विद्यापीठ उभं करणं नव्हे.

आपल्याकडे वेगळी वाट निघाली. मुंबईच्या आयआयटीतून प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने दूरस्थ केंद्रांमार्फत हजारो अध्यापकांचं प्रशिक्षण सुरू झालं. त्याच मालिकेत २०१३ साली शैक्षणिक तंत्रज्ञानातल्या संशोधनपद्धतींवर कार्यशाळा झाली. अध्यापक आपापल्या गावाजवळच्या केंद्रात एकत्र बसलेले, व्याख्याते पवईत. विद्यार्थ्याने आधी एकट्याने विचार करायचा, मग शेजाऱ्याशी बोलायचं, मग सर्वांपुढे मांडायचं, ही पद्धत तिथल्या मंडळींनी मोठमोठ्या वर्गांत वापरून तपासली आहे. या केंद्रांची खुबी माझ्या मते पडद्यात नव्हती. पडदा बघणाऱ्याला शेजारी होता, ही ती खुबी.

२०२० साली टाळेबंदी आली आणि शेजारी गेला. प्रत्येक जण आपल्या चौकटीत, कॅमेरा बंद. पीएच. डी.च्या तोंडी परीक्षाही पडद्यावर घ्यायला विद्यापीठ अनुदान आयोगाने त्या वर्षी परवानगी दिली. गंमत अशी की दूरस्थ पद्धतीने केलेली पीएच. डी. नियमाला मान्य नाही. म्हणजे शिकायचं दुरून चालत नाही, पण परीक्षा दुरून चालते!

या नियमांबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण कुरुळीतल्या मुलीचं नुकसान पडद्यापेक्षा त्यांनी जास्त केलं. २००९ च्या नियमांनी दोन गोष्टी आणल्या. एक चांगली: प्रबंधाची संगणकीय प्रत द्यायची. 'शोधगंगा'वर आज लाखो प्रबंध घरबसल्या, फुकट वाचता येतात. आमच्या पिढीला एक प्रबंध बघायला रात्रीची गाडी पकडावी लागे. दुसरी गोष्ट म्हणजे प्रबंध देण्याआधी निबंध छापून आलाच पाहिजे. हेतू बरा होता. बाजाराने त्याचं काय केलं ते सर्वांना ठाऊक आहे. पैसे भरा, आठ दिवसांत निबंध छापून घ्या. २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये भूषण पटवर्धन, शुभदा नागरकर आणि सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्य यादीची तपासणी मांडली. विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांपैकी त्यांनी तपासलेल्यांत ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात, असा निष्कर्ष होता. मग २०१९ साली संशोधन-नीतीचा दोन क्रेडिटचा, तीस तासांचा अभ्यासक्रम सर्व पीएच. डी. विद्यार्थ्यांना सक्तीचा झाला. २०२२ च्या नियमांनी निबंध छापायची अटच काढून टाकली.

तीस तासांत नीती शिकवता येते का? व्याख्यानाने नाही येत. चोरी करू नये हे चोरालाही माहीत असतं. आमच्या परंपरेत आधी पूर्वपक्ष मांडायचा नियम होता: प्रतिपक्षाचं म्हणणं त्यालाही मान्य होईल अशा शब्दांत सांगायचं आणि मगच त्याचं खंडन करायचं. हे एकदा मनापासून केलेला विद्यार्थी दुसऱ्याचं वाक्य स्वतःचं म्हणून खपवू शकत नाही. ते कुणाचं आहे हे सांगितल्याशिवाय त्याचा वादच उभा राहत नाही. तेव्हा शिकवायची ती कृती, आणि कृती दुरूनही करून घेता येते. मात्र एक अट आहे. शिकवणाऱ्याने विद्यार्थ्याचा अंतिम निबंध नव्हे, कच्चा कागद वाचला पाहिजे.

निवृत्तीनंतर मी रविवारी संध्याकाळी पडद्यावर एक छोटा वर्ग घेतो. पाच-सहा जण, बहुतेक नोकरी करणारे. प्रमाणपत्र नाही, फी नाही. आम्ही एक सामाईक तक्ता उघडला, सुखटणकरांच्या कागदासारखा: दर साधनाला एक ओळ, उजवीकडे शेऱ्याचा रुंद रकाना. विषय घेतला घरचाच, १६६० चा चाकणचा वेढा. शायिस्ताखान किती दिवस अडला? कुठे ५४ दिवस सापडतात, कुठे ५५, कुठे ५६. फिरंगोजी नरसाळ्याच्या शौर्याबद्दल कुणाचं दुमत नाही, पण दिवस किती?

वर्गातल्या एकाने रात्रपाळी संपल्यावर पहाटे शेरा टाकला. जदुनाथ सरकारांच्या हिशोबात खान २१ जूनला चाकणपुढे आला, सुरुंग उडाला १४ ऑगस्टला, किल्ला पडला १५ ऑगस्टला. २१ जूनपासून सुरुंगापर्यंत ५४. किल्ला पडेपर्यंत ५५. दोन्ही टोकांचे दिवस धरले तर ५६. तिन्ही आकडे बरोबर, फक्त मोजणी वेगळी. त्याच्या कारखान्यात हजेरीचे दिवस मोजताना हाच वाद होतो, असंही त्याने लिहिलं होतं.

दुसरीने त्याखाली लिहिलं: पण या तारखा शेवटी औरंगजेबाच्या दरबारी इतिहासातून, आलमगीरनाम्यातून येतात. तो आधार घेणारी पुस्तकं कितीही असोत, साक्षीदार एकच, आणि तोही वेढा घालणाऱ्याच्या बाजूचा. मुघलांची २६८ माणसं पडली नि ६०० जखमी झाली, हाही त्याच बाजूचा आकडा. मग तिसऱ्याने विचारलं, या तारखा कुठल्या पंचांगाच्या? त्या काळी इंग्रजांची तारीख आणि पोर्तुगीजांची तारीख यांत दहा दिवसांचं अंतर असे. हिजरी तारखेचं रूपांतर कुणी, कुठल्या पद्धतीने केलं? यावर तिघांचे दोन रविवार गेले. मी फारसं बोललो नाही. बोलायची गरजच पडली नाही.

तो तक्ता अजून पुरा नाही. २१ जून हा खान येऊन पोचल्याचा दिवस की मोर्चे लागल्याचा, त्यापुढे आम्ही सध्या नागमोडी रेघ मारून ठेवली आहे. संग्रामदुर्गाच्या उरल्यासुरल्या तटबंदीपाशी इथून अर्ध्या तासात पोचता येतं, तेव्हा कुणाला त्यात ओळ भरायची असेल तर व्याख्यान संपल्यावर मला भेटा. फारसी येणारं कुणी असेल तर आधी भेटा.