पंख्याविना खोली



गेल्या वर्षी वैशाखात चार साध्वीजी मुंबईहून पुण्याकडे विहार करत होत्या. आमचे घर खालापूर तालुक्यात, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यापासून आत. एका दिवसाच्या मुक्कामाला जागा हवी म्हणून निरोप आला. घरात माणसांची वर्दळ, म्हणून आम्ही घराला लागून असलेले गॅरेज रिकामे करून, पुंजून दिले.

दुपारी बारानंतर वरचा पत्रा तापला. साध्वीजी पंखा वापरत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. सर्वांत मोठ्या महाराज साहेब सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी आसन भिंतीकडे सरकवले, पण भिंतही तापलेली. तोंडातून तक्रारीचा शब्द नाही. मी वंदनाला गेले आणि मला पाच मिनिटेसुद्धा बसवेना.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघताना मी म्हणाले, "महाराज साहेब, पुढच्या वेळेपर्यंत ही खोली तुमच्यासाठी थंड करून ठेवते."

त्या थांबल्या. "आमच्यासाठी एक खिळाही ठोकू नका. आमच्यासाठी केलेली जागा आम्हाला खपत नाही." मग हसून विचारले, "तुम्ही सामायिक कुठे करता?"

गोचरीतला आधाकर्मी दोष मला ठाऊक होता, पण तो छपरालाही लागतो हे कधी मनात आले नव्हते. आणि सामायिकाचे खरे उत्तर असे की उन्हाळ्यात मी दुपारचे सामायिक सोडूनच देते. ४८ मिनिटे पंख्याशिवाय बसवत नाही. महाराज साहेबांनी नेमके तिथेच बोट ठेवले.

मग मी विचार करू लागले, आपली घरे अशी तापू कधी लागली?

माझ्या सासऱ्यांच्या लहानपणी याच जागी पडवी होती. बैलगाडी आणि भाताची पोती तिथे असत. म्हणजे घराला लागून गाडी ठेवायची पद्धत काही नवी नाही. भिंती कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या. वर कुंभाराची नळीची कौले. कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाई. घराला माळा असे आणि माळ्यावर पेंढा. पेंढ्यात हवा अडकून राहते आणि अडकलेली हवा उष्णता सहजी खाली येऊ देत नाही. आज बाजारात जे विकत मिळते, ते काम हा पेंढा फुकटात करत होता.

नळीच्या कौलांना दरवर्षी पावसाआधी शाकारणी लागे. वानर उड्या मारत, कौले फुटत. मंगलोरजवळ जेप्पू येथे बासेल मिशनने १८६५ मध्ये यंत्राने दाबलेल्या कौलांचा कारखाना काढला. एकमेकांत अडकणारी ही मंगलोरी कौले पुढे कोकणभर पसरली. ती तापतात, पण जाड मातीची असल्याने सावकाश, आणि थोडी हवाही खेळू देतात.

पत्र्याची गोष्ट वेगळी. नागमोडी लोखंडी पत्र्याचे पेटंट लंडनच्या गोदीतले अभियंते हेन्री पामर यांनी १८२९ मध्ये घेतले. पुढे त्यावर जस्ताचा थर देण्याची युक्ती निघाली आणि गंज आटोक्यात आला. हलका, स्वस्त, न फुटणारा, शाकारणी नको! पण तो इतका पातळ की ऊन पडताच तापतो आणि ती धग सरळ खाली फेकतो. गोदी, गोदाम, शेड अशा ठिकाणी हे चालून जाते, कारण तिथे दिवसभर आसन टाकून कोणी बसत नाही.

तिसरा सिमेंटचा पत्रा. ऑस्ट्रियाच्या लुडविग हाचेक यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिमेंटमध्ये ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळून तो केला. पुढे मुंबईजवळ मुलुंडलाही तो बनू लागला. ॲस्बेस्टॉसच्या तंतूंनी कर्करोग होतो, हे आता सिद्ध आहे. तुमच्याकडे जुना सिमेंटचा पत्रा असेल तर त्याला भोक पाडू नका, तो फोडू नका, त्याची धूळ कोरडी झाडू नका. काढायचाच तर जाणकाराकडून काढा.

मग पत्र्याखाली आपण इतकी वर्षे राहिलो कसे? उत्तर आपल्याच तालुक्यात आहे. टाटांचे खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. लोणावळ्याकडच्या तलावांचे पाणी सुमारे पाचशे मीटर खाली आणून तिथे वीज होते. ती आधी मुंबईच्या गिरण्यांना गेली, आपल्या गावांत वीज यायला बराच काळ लागला. पण आली तेव्हा पंखा आला, आणि माळा, पेंढा, जाड भिंत यांची गरज कोणाला वाटेनाशी झाली. छपराचा दोष पंख्याने झाकला. पंखा बंद केला की तो उघडा पडतो. सामायिकाला बसणाऱ्या बाईला तो लगेच कळतो.

आम्ही यंदा घराचे काम काढले तेव्हा गॅरेजची खोली करायचे ठरवले. कोणासाठी, याचे उत्तर आधी मनाशी स्वच्छ केले: घरातल्या माणसांच्या सामायिक-प्रतिक्रमणासाठी. गाडी बाहेर गेली. लोखंडी शटर काढून तिथे भिंत आणि जाळीची खिडकी आली. पत्रा वरून पांढरा रंगवला, म्हणजे बरेचसे ऊन परत जाते. त्याखाली हवा फिरायला मोकळी जागा, मग वर चंदेरी फॉइल असलेला ग्लासवूलचा थर, आणि खाली बोर्डाचे छत. बसवताना कामगारांना मास्क आणि हातमोजे दिले, कारण त्याची कुसळे टोचतात.

ठेकेदार थर्मोकोल सुचवत होता, स्वस्त म्हणून. पण तो पेट घेतो, आणि मुंग्या व उंदीर त्यात घर करतात. एकदा घर केले की पुढे औषध मारायची वेळ येते. म्हणून थर्मोकोल नको म्हटले आणि हवेच्या प्रत्येक वाटेला बारीक जाळी लावली. आधी वाट बंद करणे हीच जयणा. पत्रे उघडण्यापूर्वी पाहिले तर आडव्या पाइपावर चिमणीचे घरटे. पिल्ले उडेपर्यंत तीन आठवडे काम थांबवले. ठेकेदार कुरकुरला. मी बी.कॉम. झालेली, खोळंब्याचा खर्च मलाही कळतो, पण तो घरटे मोडण्याच्या हिशेबात मांडता येत नाही.

या मे महिन्यात दुपारी तीन वाजता मी त्या खोलीत कटासन टाकले. घाम आला, खोटे कशाला बोलू? ही काही एसीची खोली नाही. पण डोक्यावरची धग नव्हती. ४८ मिनिटे पूर्ण झाली आणि मी शांतपणे सामायिक पारले.

साध्वीजी पुन्हा या रस्त्याने येतील, न येतील. खोली त्यांच्यासाठी केलेली नाही. आल्या तर दार उघडे आहे.

लिहिण्यात काही चुकले असेल तर मिच्छामि दुक्कडम्.