फ्राऊ इम मोंड

(चंद्रावरची स्त्री). चंद्रप्रवासावरील जर्मन मूकपट. दिग्दर्शक फ्रिट्झ लांग. तेआ फॉन हार्बो यांच्या १९२८ च्या त्याच नावाच्या कादंबरीवरून घेतलेला, पटकथाही त्यांचीच. निर्मिती उफा या कंपनीसाठी. पहिला खेळ बर्लिनच्या ‘उफा-पालास्ट आम झू’ या चित्रपटगृहात १५ ऑक्टोबर १९२९ रोजी झाला. प्रमुख भूमिका : विली फ्रित्श, गेर्डा माउरुस, गुस्टाव्ह फॉन वांगेनहाइम, फ्रिट्झ रास्प, क्लाउस पोल.

कादंबरी आणि चित्रपट एकाच घरात तयार झाले. हार्बो या त्या वेळी लांग यांच्या पत्नी होत्या आणि ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) हा चित्रपटही याच रीतीने घडला होता. त्यामुळे दुसऱ्याचे पुस्तक पडद्यावर आणताना होणारी ओढाताण इथे नाही. कादंबरीतच पटकथेची चाल आहे.

कथानक : चंद्रावर सोने आहे असे मांडल्याबद्दल विद्वानांच्या सभेत हसे झालेले म्हातारे प्राध्यापक मानफेल्ट आणि त्यांच्यावर विश्वास ठेवणारा यंत्रनिर्माता हेलियस हे चंद्रमोहीम आखतात. सोन्यावर डोळा असलेली धनिकांची टोळी टर्नर नावाचा आपला माणूस मोहिमेत घुसवते. हेलियसचा सहकारी विंडेगर आणि त्याची वाग्दत्त वधू फ्रीडे हेही निघतात; हेलियसचे मन तिच्यावरच जडलेले. गुस्टाव्ह नावाचा एक मुलगा यानात लपून चढलेला सापडतो. चंद्रावर प्राध्यापकांना सोने मिळते आणि मृत्यूही. टर्नरशी झालेल्या झटापटीत प्राणवायूची टाकी फुटते, आणि एकाने मागे राहावे असे ठरते. हेलियस मागे राहतो. यान गेल्यावर त्याला दिसते की फ्रीडेही थांबली आहे.

ही कथा बेतासबात आहे हे मान्य करायला हवे. पृथ्वीवरचे कारस्थान फार लांबते आणि यान उडेपर्यंत प्रेक्षकाला बराच धीर धरावा लागतो. पण ते उडते तो भाग आजही चकित करतो. प्रचंड शेडमधून उभे रॉकेट सरकत्या मंचावरून बाहेर येते. ते पाण्याच्या कुंडात ठेवून सोडले जाते. वापरलेला टप्पा आकाशात गळून पडतो. वेगवाढीचा दाब सोसण्यासाठी प्रवासी पाठीवर आडवे झोपतात, आणि वजनरहित अवस्थेत पाय अडकवण्यासाठी जमिनीवर पट्टे लावलेले असतात. मूकपटात आवाज नसल्याने लांग यांनी उरलेले सेकंद पाट्यांवर दाखवले : सहा, पाच, चार, असे एकपर्यंत आणि मग ‘आत्ता!’. आकडे चढते ठेवले तर क्षण कधी येणार हे प्रेक्षकाला कळणार नाही, असा त्यांचा साधा नाट्यविचार होता. पुढे रॉकेटकेंद्रांवर रूढ झालेल्या उलटगणतीचे श्रेय सर्वसाधारणपणे याच प्रसंगाला दिले जाते.

या तपशिलामागे रॉकेटशास्त्रज्ञ हेरमान ओबेर्थ होते. रॉकेटवरचा त्यांचा प्रबंध नाकारला गेल्यावर त्यांनी तो १९२३ मध्ये पुस्तकरूपाने छापला होता. मानफेल्टची हेटाळणी बघताना त्यांना काय वाटले असेल याची कल्पना करता येते. लेखक विली लाय हेही सल्लागार होते. जाहिरातीसाठी ओबेर्थ यांनी खरे द्रवइंधनाचे रॉकेट बांधून पहिल्या खेळाच्या सुमारास उडवावे असा बेत होता. प्रयोगातल्या स्फोटात ते जखमी झाले आणि ते रॉकेट कधी उडाले नाही. चंद्रावर उतरल्यावर मात्र शास्त्र मागे पडते : पलीकडच्या बाजूला श्वास घेण्याजोगी हवा आहे, पात्रे शिरस्त्राणे काढून हिंडतात. खगोलज्ञ पी. ए. हान्सेन यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या कल्पनेचा यासाठी आधार घेतला आहे. काचेच्या टोपात कोंडलेल्या चेहऱ्यांवर प्रेमकथा चालवणे अवघड, हे कारणही त्यामागे असणार.

चित्रपट आला तेव्हा बोलपटांचे युग सुरू झाले होते. त्यात ध्वनी घालावा हा उफाचा आग्रह लांग यांनी मानला नाही. हा त्यांचा अखेरचा मूकपट ठरला. नाझी राजवटीत तो प्रदर्शनातून काढून घेतला गेला, कारण त्यातले रॉकेट गुप्तपणे चाललेल्या व्ही-२ या युद्धरॉकेटच्या कामाशी फार मिळतेजुळते होते. ३ ऑक्टोबर १९४२ रोजी पेनेम्युंडे येथून प्रथमच यशस्वीपणे उडालेल्या व्ही-२ च्या तळाशी या चित्रपटाचे बोधचित्र रंगवलेले होते. चित्रपटातल्या यानाचे नाव ‘फ्रीडे’, म्हणजे शांती.

हार्बो (१८८८–१९५४) यांना भारताची ओढ जुनी होती. ‘दास इंडिशे ग्राबमाल’ ही त्यांची भारतात घडणारी कादंबरी १९१८ ची. लांग यांच्याशी १९३३ मध्ये घटस्फोट झाल्यानंतर बेळगाव भागातून जर्मनीत गेलेले पत्रकार आयी तेंडुलकर हे त्यांचे सहचर होते. लांग देश सोडून गेले, हार्बो मात्र जर्मनीतच राहून नाझी पक्षात गेल्या. तेंडुलकर पुढे भारतात परतले आणि त्यांनी इंदुमती गुणाजी यांच्याशी विवाह केला. हार्बो, तेंडुलकर आणि इंदुमती या तिघांची हकिगत तेंडुलकरांच्या कन्या लक्ष्मी ढौल यांनी ‘इन द शॅडो ऑफ फ्रीडम’ या इंग्रजी पुस्तकात सांगितली आहे.