पातक, मक्ता, गुन्हा : साष्टींतील मद्याची कहाणी



मालाड स्टेशनापासून पश्चिमेस, मार्व्याच्या वाटेवर, मालवणी नांवाची मोठी वस्ती आहे. २०१५ सालच्या जून महिन्यांत तेथें गांवठी म्हणून विकलेली दारू पिऊन शंभराहून अधिक माणसें मेलीं. त्यापूर्वीं २००४ च्या डिसेंबरांत विक्रोळीसही असाच प्रकार घडून ऐंशीहून अधिक बळी गेले होते. मेलेले बहुतेक हातावर पोट असणारे. अशी वार्ता आली कीं आपल्या सुशिक्षित घरांतून दोन उद्गार हमखास निघतात. "पीत होते ना, मग भोगा!" हा एक, आणि "सरकार काय झोपलें होतें?" हा दुसरा. एकांत दोष पिणाराचा, दुसऱ्यांत राज्याचा. हे दोन्ही उद्गार आजचे नव्हेत. त्यांच्यामागें फार जुना वाद आहे, आणि त्या वादाचा बराच भाग आपल्याच अंधेरी-बोरीवली, घाटकोपर-मुलुंडच्या भूमीवर, म्हणजे जुन्या साष्टी बेटांत, घडलेला आहे.

आपल्या धर्मशास्त्रानें सुरापानास ब्रह्महत्येच्या पंक्तीस बसविलें व पांच महापातकांत त्याची गणना केली. पातक म्हटलें म्हणजे तें करणाराचें. त्याचें प्रायश्चित्तही त्याचेंच. परंतु त्याच देशांत कौटिल्य सुराध्यक्ष नांवाचा अधिकारी नेमतो, मद्यगृहें कशीं असावींत हें सांगतो आणि त्यांपासून राजाच्या तिजोरींत काय यावें याचाही विचार करतो. त्याच्या ग्रंथांत मृगया, द्यूत, स्त्री व पान हीं कामापासून उपजणारीं चार व्यसनें आहेत; आणि व्यसन या शब्दाचा तेथील अर्थ आजच्याहून रुंद, म्हणजे संकट, आपत्ति, असा आहे. राजा प्याला तर राज्यावर आपत्ति. रयत प्याली तर मात्र उत्पन्न! संतांनीं वाईटाचें मूळ षड्रिपूंत, म्हणजे माणसाच्या आंतच, दाखविलें. या तिन्ही दृष्टि आपण एकाच वेळीं बाळगून आहों, आणि त्यांचा मेळ घालण्याची गरज आपणांस फारशी भासलेली नाहीं.

साष्टीकडे वळूं. येथील भंडारी पिढ्यान्‌पिढ्या माडावर चढून माडी काढीत, ताडापासून ताडी काढीत. कोळी, आगरी, ख्रिस्ती, डोंगरांतले वारली, या सर्वांच्या लग्नाकार्यांत व देवकार्यांत तिला स्थान होतें. मोहाचीं फुलें वेंचून घरच्या घरीं दारू गाळणें हाही रिवाजच होता. पिऊन कोणी भांडे, कोणी बायकोस मारी, कोणी जमीन गहाण टाकी. तें सर्व होतेंच, आणि त्या काळास सोन्याचा मुलामा देण्याचें कारण नाहीं. परंतु माडावर चढणारा मनुष्य गुन्हेगार आहे असें कोणाच्या मनांत येत नसे.

तें आलें १८७८ सालीं. त्या सालच्या मुंबई अबकारी कायद्यानें मद्य गाळणें, विकणें, झाडास छेद देणें, सारें परवान्याखालीं आणलें. चार्ल्स प्रिचर्ड हा या व्यवस्थेचा मुख्य शिल्पकार. साष्टी तेव्हां ठाणें जिल्ह्यांत होती. गांवोगांवच्या लहान भट्ट्या बंद झाल्या. उरणसारख्या ठिकाणच्या मोठ्या भट्ट्यांची दारू सरकारी देखरेखीखालीं पिंपांतून बाहेर पडूं लागली. विक्रीचा मक्ता पैसेवाल्यांकडे गेला. झाडामागें कर बसला, तो पुढें वाढला, आणि ठाणें जिल्ह्यांतील भंडाऱ्यांनीं त्याविरुद्ध गाऱ्हाणीं मांडलीं. १८९२ सालीं तर ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांसाठीं मोहाच्या फुलांचाच स्वतंत्र कायदा झाला. ज्या फुलांचा सडा रानांत आपोआप पडतो तीं जवळ बाळगणें हाही अपराध ठरूं लागला! सरकारचें म्हणणें असें कीं, दारू महाग केली म्हणजे पिणें घटेल व वसूल वाढेल. नीतीची भाषा व तिजोरीची भाषा इतकी बेमालूम मिसळलेली मीं अन्यत्र क्वचितच पाहिली आहे. रानांतल्या वारल्यानें पूर्वीं जें फुकट मिळत होतें त्याला पैसे मोजावेत, नाहीं तर चोरून गाळावें, हाच त्याचा अर्थ. चोरटी भट्टी म्हणून जिला आपण नाक मुरडतों तिचा जन्म या कायद्याच्या पोटीं झाला.

समाजधुरीणांनींही सरकारचें हें बोलणें खरें मानलें नाहीं. महात्मा फुले पुणें नगरपालिकेचे सभासद असतांना १८८० सालीं त्यांनीं वाढत्या पिठ्यांस लेखी हरकत घेतली. १९०८ सालीं पुण्यांत पिठ्यांवर निरोधन झालें. टिळकांचा त्यास पाठिंबा होता. गडकऱ्यांचें 'एकच प्याला' १९१९ सालीं, त्यांच्या निधनानंतर, रंगभूमीवर आलें. त्यांतला सुधाकर वकील आहे, विद्वान आहे, आणि दुखावलेल्या अभिमानापायीं पेल्याकडे वळतो. मध्यमवर्गानें तळीरामास मनमुराद हंसून घेतलें, सिंधूसाठीं डोळे पुसले; पण पिठ्याचा मक्ता कोणाचा हा प्रश्न त्या नाटकाबाहेरच राहिला.

तो राजकारणानें उचलला. १ ऑगस्ट १९३९ रोजीं खेर मंत्रिमंडळानें मुंबईंत दारूबंदी केली. त्या खात्याचे मंत्री डॉ. गिल्डर हे स्वतः नामांकित वैद्य. बुडालेला वसूल भरून काढण्यास शहरांतील मिळकतीवर कर बसला, आणि नीतीची किंमत घरमालकाच्या खिशांतून जातांच पुष्कळांची नीति डळमळली. त्याच वर्षाच्या अखेरीस मंत्रिमंडळानें राजीनामा दिला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला व १९५० च्या एप्रिलपासून संपूर्ण बंदी सुरू झाली. बालसारा यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९५१ सालीं कायद्याचा गाभा कायम ठेवला. मद्यार्कयुक्त औषधें व सुगंधी द्रव्यें यांवरील बंदीसारखीं कांहीं कलमें मात्र रद्द केलीं.

या कायद्याची एक गंमत सांगण्याजोगी आहे. ज्याच्या प्रकृतीस मद्य सोडणें अपायकारक, त्यास परवाना मिळण्याची सोय त्यांत होती. म्हणजे ज्याला डॉक्टराचा दाखला परवडे तो रोगी. ज्याला परवडत नसे तो गुन्हेगार. पेला तोच, पिणेंही तेंच! उपनगरांत वस्ती झपाट्यानें वाढत होती. खाडीकांठची कांदळें, पवई-आरेकडील रानें, झोपड्यांच्या गल्ल्या, सर्वत्र काळा गूळ व नवसागर यांच्या हातभट्ट्या पेटल्या. दारू मोटारीच्या रबरी ट्यूबांतून फिरे. पोलिसाचा हप्ता हा शब्द या धंद्यानें मुंबईच्या तोंडीं पक्का बसविला, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. पुढें बंदी सैल झाली. वर्धा, गडचिरोली अशा जिल्ह्यांपुरती ती उरली. १९४९ चा कायदा मात्र रद्द झालेला नाहीं, आणि एक दिवसाचा परवाना आजही मिळतो.

मालवणीस मात्र मद्य नव्हतेंच. तेथें होतें मिथेनॉल, रंग-रोगण व रसायनांच्या कारखान्यांत लागणारें द्रव्य. पोटांत गेल्यावर शरीर त्याचें फॉर्मिक आम्ल बनवितें. आधीं दृष्टि जाते, मग प्राण. त्यावर जे उपाय आहेत त्यांपैकीं एक म्हणजे रोग्यास शुद्ध मद्यार्क देणें, कारण तो यकृतास गुंतवून ठेवतो व विष तयार होऊं देत नाहीं. ज्या पदार्थाला महापातक म्हटलें, तोच वेळेवर मिळाला असता तर त्यांतले कित्येक वांचते. पण पुष्कळांना रुग्णालयांत आणलें तें उशीरा. पहिल्या दिवशीं मळमळ व डोकेदुखी एवढेंच होतें. तें नेहमींचें म्हणून माणसें घरींच पडून राहिलीं.

खटला सत्र न्यायालयांत नऊ वर्षें चालला. २०२४ सालीं निकाल लागला तेव्हां चौघे दोषी ठरले आणि दहा जण सुटले.